राजाचं नाणं सोडून दुकानदाराचं का?

घरी कुणी आलं आणि माझा नाण्यांचा ट्रे बाहेर निघाला, की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. "अहो, यावर ना राजा ना राणी. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून खरी नाणी सोडली आणि हे बिल्ले कसले जमवता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी हे एक बघा. कडेला धरा, बोटांचा घाम लागू देऊ नका. हे सतराव्या शतकातलं फार्दिंगचं टोकन, म्हणजे एका दुकानदारानं स्वतः पाडून घेतलेली पाव पेनी. अंगठ्याच्या नखाएवढं, आणि इतकं पातळ की तळहातावर ठेवलं तरी वजन जाणवत नाही. एका बाजूला मेणबत्त्यांचा जुडगा, म्हणजे मालक मेणबत्त्या विकणारा. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही चित्र कळायचं. भोवती त्याचं नाव, मागच्या बाजूला गावाचं. आणि मधोमध तीन अक्षरं, वर एक आणि खाली दोन. वरचं आडनावाचं, खालचं एक त्याच्या नावाचं आणि दुसरं त्याच्या बायकोच्या.

भिंगातून ते तिसरं अक्षर पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आईकडच्या कळशीवर नाव घातलेलं आहे, ते घासताना बोटाला लागतं. ही अक्षरंही तशीच लागतात. गल्ल्यावर तीही बसत असणार, नाहीतर तिचं अक्षर पैशावर कशाला येईल? नवरा गेल्यावर स्वतःच्या नावानं टोकनं काढणाऱ्या विधवाही होत्या.

हे का करावं लागलं? टाकसाळीला गरिबाच्या सुट्ट्या पैशांची फिकीर नव्हती. फार्दिंग काढायचे राजाचे परवाने 1644 मध्ये संसदेनं बंद केले, 1649 मध्ये राजाचाच शिरच्छेद झाला, आणि मोड कुठून आणायची हा प्रश्न तसाच राहिला. मग वाणी, खानावळवाले, बेकरीवाले यांनी आपापली टोकनं पाडून घेतली. गोल, चौकोनी, अष्टकोनी, बदामाच्या आकाराचीसुद्धा. 1672 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं तांब्याची हाफपेनी आणि फार्दिंग काढून या टोकनांवर बंदी घातली.

आपल्याकडे वाणी सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतो. ती गोळी उद्या पैसे म्हणून परत दिली तर तो घेणार नाही. या टोकनावर मात्र दुकानदाराचं नाव, गाव सगळं होतं. परत आणलं की त्याला घ्यावंच लागे, नाहीतर गावात पत गेली. राजाच्या नाण्यामागे अख्खं राज्य उभं असतं. या चकतीमागे एक दुकान आणि नवरा-बायकोचा शब्द होता.

पुढे शंभर वर्षांनी तीच गत झाली. 1775 नंतर सरकारी टाकसाळीनं तांब्याची नाणी पाडणं जवळजवळ थांबवलं, बाजारात खोटी हाफपेनी माजली आणि कारखान्यांना मजुरी द्यायला पैसे मिळेनात. 1787 मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस (Parys, फ्रान्सचं पॅरिस नव्हे) खाण कंपनीनं स्वतःच्याच तांब्याची पेनी काढली. जवळजवळ औंसभर वजन, दर्शनी बाजूला ओकच्या पानांत दाढीवाला ड्रुइड पुरोहित. खरी गंमत कडेवर आहे. फिरवत वाचलं तर मजकूर लागतो : मागाल तेव्हा लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत पैसे मिळतील.

माझी पहिली ड्रुइड पेनी मी चिंच-मिठानं घासली होती. तांब्याची भांडी आपण अशीच लख्ख करतो, त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. दोनशे वर्षांत चढलेली तपकिरी झाक पाच मिनिटांत गेली आणि खाली कच्चा गुलाबी रंग उरला. ती पेनी मी विकली नाही. ट्रेमध्ये पहिल्याच खणात ठेवली आहे. नव्यानं छंद लागलेल्यांना तीच आधी दाखवते : नाणं घासायचं नाही, कधीच नाही.

त्याच काळातलं आणखी एक टोकन माझ्याकडे आहे. साखळदंडातला माणूस गुडघ्यावर बसून विचारतोय, मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? मागच्या बाजूला हातात हात, आणि जगातली गुलामी संपो अशी इच्छा. हे पेनीच्या सरकारी नाण्यावर कधी आलं असतं का?

सरकारी नाणी माझ्याकडे अगदी नाहीत असं नाही. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत कारखानदार मॅथ्यू बोल्टननं 1797 मध्ये वाफेच्या यंत्रांवर पाडलेलं दोन पेन्सचं जाड नाणं आहे, बरोबर दोन औंसांचं. शेजारी त्याच टाकसाळीतून मुंबई इलाख्यासाठी आलेला 1791 चा तांब्याचा पैसा. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची खूण, उलट बाजूला तराजू आणि फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. तो मी आवर्जून घेतला, तो आपल्याकडच्या बाजारांत फिरलेला म्हणून.

पण संध्याकाळी भिंग हातात घेतलं, की आधी तो मेणबत्तीवाल्यांचा फार्दिंगच उचलला जातो. तिच्या नावाचं पहिलं अक्षर एम आहे. मेरी असेल, मार्गारेट असेल, मार्था असेल.