सरांनी फोडून दाखवलेला शब्द

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि इंग्रजीचे सरच डोळ्यांसमोर उभे राहिले. प्रयोगशाळा, गॅदरिंग, खो-खोचा संघ यांवर बाकीचे लिहितीलच. मला सरांच्या एकाच तासाबद्दल लिहायचं आहे.

धड्यात ‘लाँड्री’ शब्द आला. आपल्याकडे लाँड्री म्हणजे कपडे टाकायचं दुकान. इंग्रजीत मात्र धुवायला काढलेले कपडे आणि धुऊन आलेले कपडे, दोन्ही लाँड्रीच. असं का, हे सरांनी फळ्यावर उलगडलं.

लॅटिनमध्ये ‘लावारे’ म्हणजे धुणे. त्याला ‘-अंदा’ लागलं की ‘लावांदा’, म्हणजे धुवायच्या वस्तू. हाच प्रत्यय ‘अजेंडा’त आहे : करायच्या गोष्टी. ‘मेमोरँडम’मध्येही तोच : लक्षात ठेवायचं ते. संस्कृतात ‘करणीय’, ‘स्मरणीय’ होतात, अगदी तसंच. पुढे जुन्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला, तेव्हा कपडे धुणाऱ्याला ‘लॅव्हेंडर’ म्हणत. मधला स्वर गळला, ‘व’चा ‘उ’ झाला आणि ‘लाँडर’ उरलं; ‘लाँड्री’ त्याच्याच जोडीची. आपल्याकडे ‘लवणा’चं ‘लोण’ झालं, त्याच चालीनं. ‘लॅव्हेटरी’, ‘लोशन’, ‘लॅट्रिन’ ही सगळी त्याच घरची भावंडं.

मग लॅव्हेंडरचं फूलही याच घरातलं का? इथेच बहुतेक जण फसतात. रोमन लोक स्नानाच्या पाण्यात ते टाकत, म्हणून ते नाव पडलं, ही हकीकत सर्रास सांगतात. पण त्या वनस्पतीच्या नावाचं ‘लिव्हेंदुला’ असंही जुनं रूप सापडतं. त्यामुळे निळसर या अर्थाच्या ‘लिव्हिदुस’शी नातं असण्याची शक्यता उरते आणि अभ्यासकांचं एकमत नाही. सरांचा क्रम ठरलेला : आधी सर्वांत जुनं रूप, मग मधल्या भाषांतली रूपं, मग अर्थ, गोष्ट सगळ्यात शेवटी. उलटं केलं की कानाला गोड वाटणारी खोटी व्युत्पत्ती हाती येते.

‘मनी लाँडरिंग’ हे १९७३मध्ये अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यात जगभर गाजलं. आपल्याकडचा कायदा २००२चा. बातम्यांत तो शब्द येतो तेव्हा काळा पैसा धुऊन पांढरा करणं हा अर्थ मला कुणी समजावून द्यावा लागत नाही. हे सरांचं देणं.

आता मुलं मोबाईलवर अर्थ पाहतात आणि पुढे जातात. शब्दाच्या नोंदीतला व्युत्पत्तीचा चौकटी कंस कुणी वाचतच नाही, याचं वाईट वाटतं. महोत्सवाच्या निधीतून ग्रंथालयात व्युत्पत्ती देणारा एक मोठा इंग्रजी कोश घ्यावा आणि त्यावर सरांचं नाव घालावं, अशी माझी समितीला विनंती आहे.