गुन्हेगार माहीत असूनही

खून कुणी केला हे पाठ असताना तीच रहस्यकथा पुन्हा बघणाऱ्या माणसाला आमच्या इंदुरात सरळ रिकामटेकडा म्हणतात. म्हणू देत. रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाली की रामबागेत तसंही फारसं काही घडत नाही. ती वेळ मी बासू चटर्जींच्या 'ब्योमकेश बक्षी' या गुप्तहेराच्या मालिकेला देऊन टाकली आहे.

१९९३ साली ही मालिका दूरदर्शनवर आली. मुंबई केंद्राच्या मराठी मालिका तेव्हा आमच्याकडे दिसत नसत. पुण्याची भावंडं सुट्टीत येऊन 'एक शून्य शून्य'चं कौतुक ऐकवायची आणि आम्ही माना डोलवायचो. मग हा धोतरातला बंगाली आमच्या वाट्याला आला, तोही हिंदी बोलणारा, आणि सगळी भरपाई झाली. वर त्याच्या बायकोच्या, सत्यवतीच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी! मावशीने लगेच निकाल दिला, "मुलगी आपली, म्हणजे ब्योमकेश जावई." ब्योमकेशचे जन्मदाते शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२नंतर पुण्यात येऊन राहिले होते, हे पुढे तिला सांगितलं तर म्हणे, "मग? सोयरीक काय उगाच जमते?"

पुस्तकातली पहिली ओळख मात्र टीव्हीवर येणं अशक्यच होतं. 'सत्यान्वेषी' कथेत अतुलचंद्र मित्र नावाचा एक तरुण कोलकात्यातल्या मेसमध्ये राहायला येतो, जागा नसते म्हणून अजित, म्हणजे ब्योमकेशचा पुढचा जिवलग मित्र, त्याला आपल्या खोलीत घेतो, आणि हा अतुल खरा कोण ते बऱ्याच उशिरा कळतं. वाचणाऱ्याला तिथे झटका बसतो. टीव्हीवर मालिकेचं नावच ब्योमकेश. रजित कपूर खोली मागायला आला की घरातलं शेंबडं पोरही ओळखतं. मग आपण बघत बसतो ते त्याचं सोंग. समोरचा बोलतोय, हा बावळट चेहरा करून ऐकतोय, आणि आपल्याला गुदगुल्या होताहेत. मला विचाराल तर हा सौदा फायद्याचा झाला.

अजितचं काय करायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. बहुतेक कथा तोच सांगतो. त्याला जे दिसलं नाही ते आपल्यालाही दिसत नाही, रहस्य त्याच्याच भाबडेपणाच्या आड लपतं. कॅमेरा आला की हा आडोसा गेला. अजित झालेल्या के. के. रैनांच्या वाट्याला मग ऐकण्याचं काम आलं, आणि ऐकणं हा अभिनय किती कठीण असतो ते त्यांच्याकडे बघून कळतं. ब्योमकेश उलगडा करत असताना मी तर हल्ली अजितकडेच बघतो. (शेवटच्या काही कथांत खुद्द शरदिंदूंनीच त्याच्या हातची लेखणी काढून घेतली.)

पाठलाग जवळजवळ नाहीत. चहा, सिगारेट, वर्तमानपत्र आणि गप्पा. माझा भाचा दहाव्या मिनिटाला विचारतो, "मामा, ॲक्शन कब आएगा?" त्याच्यापुढे शेवेची वाटी सरकवायची.

मला सगळ्यात आवडतो तो संसारी ब्योमकेश. 'अर्थमनर्थम्'मध्ये सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ येतो, ब्योमकेश त्याला सोडवतो आणि पुढे तिच्याशीच लग्न करतो. गुप्तहेरांच्या जमातीत हे क्वचितच. शरदिंदूंनाही बहुधा वाटलं असावं, की आता याच्यात वाचकांना काय रस? १९३६च्या सुमारास थांबवलेला ब्योमकेश त्यांनी पुन्हा हाती घेतला तो जवळपास १५ वर्षांनी. टीव्हीवर मात्र खरी मजा लग्नानंतरच येते. बाहेर भल्याभल्यांना निरुत्तर करणारा माणूस घरी बायकोपुढे बॅकफूटवर जातो.

त्या १५ वर्षांचं ऐकून मावशी भडकलीच. "लग्न झालं म्हणून कुणी धंदा बंद करतं का? उलट तेव्हाच पैसा लागतो!"