दोन सुयांची शिलाई
"अगं, एवढ्याशा पाकिटाचे 400? मशीनवर शिवलं असतंस तर स्वस्त पडलं असतं."

प्रदर्शनात मी हाताने शिवलेलं चामड्याचं पाकीट बघून एका काकूंनी आपुलकीनेच विचारलं. मी टाका दाखवला. मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी ओवलेला. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात.

काकूंनी कडेवरून बोट फिरवलं. "आम्ही कोल्हापूरचे. चपला घेताना मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो," म्हणाल्या आणि पाकीट घेतलं.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन, म्हणजे त्या भागाची खास वस्तू अशी अधिकृत ओळख, मिळालं. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कातडं कमावण्यापासून चामड्याच्याच वादीने तळ शिवण्यापर्यंत सगळं हातकाम.

मी नवशिकी, तरी माझं कौतुक होतं. पिढ्यानपिढ्या हेच करणाऱ्यांशीच आपण भाव का पाडून बोलतो?