मायग्रेशन भलत्याच डेटाबेसवर चालले, त्यानंतर

डेव्हलपमेंट, स्टेजिंग (आधी चाचणी घेण्याची जागा) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातली जागा) या तिन्ही ठिकाणच्या डेटाबेस जोडणीची माहिती आम्ही कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून दिल्या जाणाऱ्या मूल्यांत) ठेवत होतो, त्यामुळे आमची व्यवस्था चोख आहे असा माझा समज होता. माझ्या लॅपटॉपवरच्या डेटाबेससाठी म्हणून चालवलेल्या मायग्रेशनने (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) एका दुपारी प्रॉडक्शनच्या टेबलमधील एक कॉलम काढून टाकला, तेव्हा तो समज गळून पडला. बॅकअपमधून कॉलम परत आणता आला, परंतु बॅकअपनंतरच्या नोंदींची मूल्ये ॲप्लिकेशनच्या लॉगमधून शोधून हाताने भरावी लागली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सकाळी एक अहवाल तपासण्यासाठी मी त्याच टर्मिनलमध्ये प्रॉडक्शन डेटाबेसची यूआरएल, म्हणजे जोडणीचा पत्ता, त्या व्हेरिएबलमध्ये एक्सपोर्ट केली होती आणि ती खिडकी तशीच उघडी राहिली होती. प्रकल्पातील व्हेरिएबलची मूल्ये ठेवणाऱ्या डॉट-एन्व्ह फाइलमध्ये डेव्हलपमेंटचा पत्ता अगदी बरोबर होता. मात्र ती फाइल वाचणाऱ्या प्रचलित लायब्रऱ्या, वेगळे सांगितल्याशिवाय, शेलमध्ये, म्हणजे त्या टर्मिनलमध्ये, आधीपासून असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाहीत. सर्व्हरवर दिलेले मूल्य चुकून राहिलेल्या फाइलने बदलू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. मला तो ठाऊक नव्हता, इतकेच.

कोड चाळताना दुसरी खोटही हाती लागली. व्हेरिएबल सापडले नाही तर लोकलहोस्ट आणि ५४३२ हे पोर्ट वापरावे, अशी सोय कोणीतरी (बहुधा मीच) करून ठेवली होती. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकले तरी प्रोग्रॅम तक्रार न करता भलतीकडे जोडला जावा, अशीच ती सोय होती. आम्ही अशी सगळी पर्यायी मूल्ये काढून टाकली. आता एखादे व्हेरिएबल नसेल तर प्रोग्रॅम त्याचे नाव सांगून सुरू होण्याआधीच थांबतो, आणि सुरू झाल्यास लॉगच्या पहिल्या ओळीत होस्ट, डेटाबेस आणि युजरचे नाव छापतो. पासवर्ड अर्थातच नाही.

तरीही माझ्या मते खरा दोष अधिकारांच्या वाटपात होता. पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे आमच्या डेटाबेस प्रणालीत, टेबलची रचना बदलण्याचा अधिकार मुळात त्या टेबलच्या मालकाकडे असतो, आणि आमचे ॲप्लिकेशन, अहवाल, मायग्रेशन असे सारे काही मालकाच्याच युजरने जोडले जात होते. म्हणून ॲप्लिकेशनसाठी केवळ नोंदी वाचण्या-लिहिण्याचा, अहवालांसाठी केवळ वाचण्याचा आणि मायग्रेशनसाठी तिसरा असे वेगवेगळे युजर केले. तिसऱ्याचा पासवर्ड फक्त डिप्लॉयमेंटच्या यंत्रणेकडे असतो.

जुना पासवर्ड गिटच्या (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीच्या) एका जुन्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, सापडला. फाइल नंतर काढून टाकली तरी इतिहासात ती राहतेच, तेव्हा पासवर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. नव्या पासवर्डात ‘@’ आले आणि स्टेजिंगवर होस्ट सापडत नसल्याची त्रुटी येऊ लागली, कारण यूआरएलमध्ये त्या चिन्हापुढचा मजकूर होस्ट म्हणून वाचला जात होता. तिथे ‘@’ चे सांकेतिक रूप ‘%40’ लिहिल्यावर जोडणी झाली.

स्टेजिंगवर सारे सुरळीत चालल्यानंतर प्रॉडक्शनला मात्र, डेटाबेसकडे आधीच फार क्लायंट आहेत, असा नकार मिळू लागला. डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीच्या नेहमीच्या पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात) ५ जोडण्या राखलेल्या असतात आणि गरजेनुसार आणखी १० उघडता येतात, म्हणजे एका प्रोसेसमागे १५. स्टेजिंगवर २ प्रोसेस असल्याने आकडा ३० च्या पुढे जाणे शक्यच नव्हते. प्रॉडक्शनवर ८ प्रोसेस, म्हणजे १२०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आणि त्यातील ३ सुपरयुजरसाठी राखीव. एरवी सगळे पूल एकाच वेळी भरत नसत, पण डिप्लॉयमेंटच्या वेळी जुन्या व नव्या प्रोसेस काही क्षण एकत्र चालत आणि नेमके तेव्हाच गणित कोलमडे. मर्यादा वाढवण्याचा मोह झाला, परंतु प्रत्येक जोडणीसाठी पोस्टग्रेस स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि मेमरी लागते ती वेगळीच. म्हणून पूलचा आकार हेही प्रत्येक ठिकाणचे स्वतंत्र व्हेरिएबल केले आणि प्रॉडक्शनवर ३ अधिक २ असे ठेवले. जुन्या-नव्या मिळून १६ प्रोसेस धरल्या तरी आकडा ८० वर थांबतो.

शेवटी मालक युजरचे लॉगिन बंद केले. त्याच रात्री जुन्या नोंदी संग्रहित करणारा एक जॉब अडला. त्याचा पासवर्ड त्याच्याच स्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता आणि आमच्या यादीत त्या जॉबचे नावही नव्हते. त्याला चौथा युजर दिला.