आमची वाटचाल : सह्याद्रीतून तीर्थनच्या खोऱ्यात

ताईने आणि मी मिळून सुरू केलेला हा डोंगरसहलींचा व्यवसाय पहिली काही वर्षं शनिवार-रविवारवर चालला. पुण्याहून एक बस, पंचेचाळीस माणसं आणि हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाई. पैसे मिळत होते. एका रविवारी सकाळी कोकणकड्याजवळ आमच्याच तंबूंमागे वापरलेल्या ताटल्यांचा ढीग पडलेला ताईने पाहिला. आम्ही दोघांनी तो पोत्यांत भरून खाली आणला. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी वीसच माणसं. नाही परवडलं तर नको."

त्या वीसांचे पुढे बारा झाले, ते हिमाचलमुळे.

कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान 754 चौरस किलोमीटरचं आहे. 2014 साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला जिप्सी आठवते, पण इथे आत जायचं ते पायीच. परमिट काढून ठरलेल्या जागी तंबूत राहता येतं. हिमबिबट्या, कस्तुरीमृग, तपकिरी अस्वल ही इथली जनावरं. वाघ नाही, आणि हे आम्ही नोंदणीच्या वेळीच सांगतो.

पहिल्या सहलीला तंबू आमचेच होते, स्वयंपाकीही पुण्याचे दोघे. औटला उतरून बंजारमार्गे गुशैणी, तिथून तीर्थन नदीच्या काठाने रोल्ला. तिथवर सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी शिल्टच्या चढावर पाऊस लागला. सह्याद्रीतल्या हिवाळ्यात कधी न गळलेले तंबू तासाभरात आतून ओले झाले. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही, हे आमच्या स्वयंपाक्यांना ठाऊक नव्हतं आणि कुकर आम्ही नेला नव्हता. रात्री दहा वाजता बारा माणसं उपाशी! सामान वाहायला सोबत आलेल्या गावकऱ्यांनी स्वतःच्या किल्ट्यांतून, म्हणजे पाठीवरच्या निमुळत्या टोपल्यांतून, पीठ काढलं आणि आमच्या स्टोव्हवर रोट्या भाजल्या. ताडपत्रीही त्यांनीच ताणून बांधली. त्या रात्रीची लाज मी विसरलेलो नाही.

गप्पांतून कळलं, की याच जंगलात त्यांचे वडील मेंढ्या चारायचे, औषधी मुळ्या काढायचे. 1999 मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि ते हक्क गेले. जंगल राखलं जावं, हे आम्हालाही हवंच आहे. पण ज्यांची चूल त्यावर पेटायची, त्यांना डावलून आम्ही पुण्याहून माणसं नेत होतो. पुढच्या सहलीपासून वाटाडे, स्वयंपाकी, सामान वाहणारे सगळे तिथलेच. आमच्या वाट्याला तयारी उरली : सहलीआधी दोन बैठका आणि पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड. ज्याला ते झेपलं नाही, त्याचे पैसे परत. नफा कमी झाला, पण जेवण शंभर पटींनी सुधारलं. तिथल्या राजम्याची चव पुण्यात येत नाही.

जुलै 2023 च्या पुरात शेजारच्या सैंज खोऱ्यातला बाजार उद्ध्वस्त झाला. आम्ही त्या सप्टेंबरची सहल रद्द केली, लोकांना पूर्ण रक्कम दिली आणि गुशैणीच्या चमूला ठरलेली मजुरीही. ते वर्ष ताईच्या मुदत ठेवीवर निघालं. सहलीला येणार असलेल्यांपैकी पाच जणांनी पैसे परत घेतलेच नाहीत, "तिकडेच पाठवा" म्हणाले.

जुजुराणा हा हिमाचलचा राज्यपक्षी. इतक्या वर्षांत मला तो एकदाच दिसला. पण मे महिन्यात पहाटे हरवलेल्या कोकरासारखी त्याची हाक येते, तेव्हा तंबूतले सगळे न सांगता उठून बसतात.

येत्या मे महिन्यात प्रथमच पालक आणि मुलांची सहल नेतोय, सैंज खोऱ्यात शांघडला. देवदारांनी वेढलेलं तिथलं कुरण शंगचूल महादेवाचं आहे. गावाने तंबू नको म्हणून सांगितलंय. त्यामुळे मुक्काम गावातल्या लाकडी घरांत, आणि कुरणावर फक्त अनवाणी चालायचं.