पाठाचं रेकॉर्डिंग कुणासाठी?

मंगळवार, रात्री

बीएडचे सराव पाठ सुरू आहेत. आज एका छात्राध्यापिकेबरोबर बसून तिच्या पाठाचं रेकॉर्डिंग पाहिलं. इयत्ता पाचवी, अपूर्णांक. फोन मागच्या खिडकीत ठेवलेला, म्हणून पोरांच्या पाठी आणि समोर फळा एवढंच दिसत होतं. तिनं विचारलं, "एक छेद दोन मोठा की एक छेद तीन?" आणि श्वासही न घेता, "एक छेद दोन, बरोबर?" सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ". मी तेवढाच भाग पुन्हा लावला. भिंतीकडच्या रांगेत एक हात कोपरापर्यंत वर आला होता, उत्तर कानावर पडताच खाली गेला.

"मॅडम, हा हात मला वर्गात दिसलाच नाही हो," ती म्हणाली. मग पुढचे सगळे प्रश्न तिनंच घड्याळ लावून तपासले. कुठेच दोन सेकंदांच्या वर थांबलेली नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं सत्तरच्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच ३ सेकंद थांबले तर मुलं मोठी उत्तरं देतात, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. आमचे विद्यार्थी हे परीक्षेत छान लिहितात. निरीक्षण वहीत मीही 'प्रश्नानंतर थांबा' असा शेरा देते. पण वर्गात उभं राहिल्यावर सेकंदभराची शांतताही फार लांब वाटते, त्यामुळे आपण थांबलोच असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत असतं. तिथे शेरा कमी पडतो, रेकॉर्डिंग उपयोगी पडतं. सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला सुरू झाली, तिचा गाभाही हाच: छोटा पाठ घ्या, तो कसा झाला ते समजून घ्या, सुधारून पुन्हा घ्या.

आता मात्र सगळी रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये जमा करायची, तपासणी समितीला दाखवायची आणि त्यावर गुणही द्यायचे, असं घाटतंय. मला हे अजिबात पटत नाही. गुण आले की पाठ बसवला जाणार. कोणी काय उत्तर द्यायचं हे आदल्या दिवशी ठरणार, आणि अर्धवट वर आलेला हात कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये सापडणार नाही. शिवाय त्यात लहान मुलं असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. ती न घेता मुलांचे आवाज आणि चेहरे वर्षानुवर्षं साठवून ठेवायचे कशाच्या आधारावर?

उद्या प्राचार्यांशी बोलणार आहे. फाइलला पुरावा हवाच असेल तर छात्राध्यापकांनी रेकॉर्डिंग पाहून लिहिलेलं पानभर टिपण लावावं. ते काय शिकले, हे त्यातूनच जास्त कळेल. आणि चर्चा आटोपली की रेकॉर्डिंग ज्याचं त्यानं डिलीट करावं.