‘वॉर ऑफ द रिंग’साठी लाकडी सोंगट्या : कापणी संपली, रंगकाम अर्ध्यावर

‘वॉर ऑफ द रिंग’ या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर बेतलेल्या पटावरच्या युद्धखेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतलं प्लास्टिकचं सैन्य दिसायला देखणं आहे, पण खेळताना त्याचा त्रास होतो. एका बाजूचे पाचही मित्रदेश निळे, दुसऱ्या बाजूचे, म्हणजे शत्रूचे, तिन्ही लाल. गोंडोरचा शिपाई आणि रोहानचा शिपाई ओळखायला मूर्ती उचलून बघावी लागते, आणि गोंडोरच्या राजधानीच्या, मिनास तिरिथच्या आसपास दाटी झाली की भाले-तलवारी एकमेकांत अडकतात. बरेच जण मूर्तींच्या तळाला देशाचा रंग देतात. त्याने देश कळतो, दाटी तशीच राहते. म्हणून इथे सगळं सैन्य लाकडात करायला घेतलं आहे. पात्रांच्या मूर्ती मात्र तशाच राहणार. त्या एकेकट्या असतात आणि पटावर शोभतात.

हिशेब आधी. साधी युनिट (सैन्याच्या साध्या तुकड्या) : ड्वार्फ ५, एल्फ ५, गोंडोर १५, नॉर्थ १०, रोहान १०, समोर सौरॉन ३६, आयझेनगार्ड १२, सदरन-ईस्टरलिंग २४. एकूण ११७. एलिट (कसलेल्या तुकड्या) : एल्फ १०, बाकी चौघे मित्रदेश प्रत्येकी ५, शत्रूचे तिघे प्रत्येकी ६. एकूण ४८. मित्रदेशांचे नेते प्रत्येकी ४, म्हणजे २०, आणि सौरॉनचे उडते स्वार, नाझगुल ८. सगळ्या मिळून १९३ सोंगट्या.

मापं ठरवताना नियमाकडे बघितलं. साधं युनिट एका घावात जातं. एलिटला एक घाव बसला की त्याचं साधं होतं, म्हणजे ते दोन घाव झेलतं. तेव्हा साधी सोंगटी १० बाय १० मिमी आणि ६ मिमी उंच, एलिट तेवढ्याच तळाची पण १२ मिमी उंच. रास किती उंच आहे यावरून ते सैन्य किती घाव सोसेल हे लांबून कळतं. एलिटला घाव बसला की १२ ची उचलायची, ६ ची ठेवायची. एका प्रदेशात जास्तीत जास्त दहा युनिट मावतात, तर पाच-पाचच्या दोन राशी करायच्या. लढाईत टाकायचे फासेही पाचापेक्षा जास्त मिळत नाहीत, त्यामुळे एक पूर्ण रास दिसली की फासे मोजायचं कामच उरत नाही.

हे सगळं उंची अचूक असेल तरच चालतं. नवखे लोक १० बाय १० ची चौकोनी पट्टी आणून तिचे ६ मिमीचे काप काढतात आणि तिथेच फसतात. हातकरवतीने प्रत्येक कापात पाव-अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच. पाचाच्या राशीत तो साचतो, आणि काप किंचित तिरका असेल तर रास झुकते. शिवाय वरचा चेहरा आडव्या छेदाचा येतो. तो रंग अधाशासारखा पितो आणि काळपट पडतो. उपाय सोपा आहे : उंची पट्टीच्या जाडीतूनच घ्यायची. सुताराकडून यंत्ररंध्यावर १० बाय ६ आणि १० बाय १२ अशा दोन मापांच्या पट्ट्या काढून घ्यायच्या आणि दर १० मिमीवर कापायच्या. कापातली चूक मग लांबीत जाते, तिथे ती कुणाला दिसतही नाही. वरचा चेहराही उभ्या रेषांचा, गुळगुळीत मिळतो.

लाकूड स्टीम बीच, म्हणजे वाफवलेलं बीच. सागावर पिवळा रंग तपकिरी दिसतो, म्हणून साग बाद. पाइन स्वस्त आहे, पण त्याच्या मऊ आणि कडक रेषा रंग वेगवेगळा शोषतात आणि सोंगटी पट्टेरी होते. एका कापाला करवत साधारण १ मिमी खाते. तो धरून आणि दहा टक्के जास्तीचं घेऊन १० बाय ६ ची पट्टी १.४५ मीटर, १० बाय १२ ची ६० सेंमी लागली. नेते आणि नाझगुलांसाठी ८ मिमीची गोल दांडी अर्धा मीटर पुरते. नेता म्हणजे ५ मिमीची चकती, सैन्याच्या राशीवर ठेवायची. गोल असल्यामुळे ती घावांच्या हिशेबात चुकून धरली जात नाही. नाझगुल एकटे फिरतात, म्हणून २० मिमी उंच, उभे.

कापायला माईटर बॉक्स (करवत सरळ धरणारी फटींची पेटी) आणि इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ पातं. करवतीच्या फटीपासून १० मिमीवर एक ठोकळा स्क्रूने बसवायचा, पट्टी त्याला टेकवायची, कापायचं. पट्टीखाली एमडीएफची टाकाऊ पट्टी हवीच, नाहीतर खालच्या कडेच्या सालपटी निघतात. इलेक्ट्रिक चॉप सॉवर एवढे छोटे तुकडे कापू नका. तुकडा ठोकळा आणि पात्यामध्ये अडकून गोळीसारखा सुटतो. घासताना १८० चा पॉलिशपेपर काचेवर चिकटवून फक्त कापलेल्या दोन बाजू घासायच्या आणि कडा जेमतेम मोडायच्या. वरचा-खालचा चेहरा घासला की यंत्ररंध्याने दिलेली जाडी वाया गेली.

रंग पटावरच्या देशांच्या रंगांप्रमाणे : ड्वार्फ तपकिरी, एल्फ हिरवा, रोहान गडद हिरवा, गोंडोर निळा, नॉर्थ फिका निळा, सौरॉन लाल, आयझेनगार्ड पिवळा, सदरन नारिंगी. अडचण दोन हिरव्यांची आणि दोन निळ्यांची. दिवसा वेगळे दिसतात, रात्री पिवळ्या दिव्यात जवळजवळ सारखेच. त्यासाठी रोहान आणि गोंडोरच्या पट्ट्यांवर तुकडे करण्याआधीच वरच्या चेहऱ्यावर लांबीभर १ मिमी खोल चर पाडला. २५ साधी आणि १० एलिट, एवढ्याच लांबीला. तुकडे झाल्यावर हा चर वरून रेघ म्हणून दिसतो, दोन बाजूंनी खाच म्हणून दिसतो आणि बोटालाही लागतो. मिश्र सैन्याच्या राशीत मधली सोंगटी कुणाची, हेही त्यामुळे कळतं.

ऑइलपेंट टाळला. त्याचा थर जाडी वाढवतो, आणि पावसाळ्यात डब्यातल्या सोंगट्या एकमेकींना चिकटतात. पाण्यात विरघळणारा रंग वापरला आहे. आधी सोंगटी ओल्या फडक्याने पुसून वाळवायची, उभारलेलं तूस २४० ने हलकेच काढायचं आणि मगच बुडवायची, दहा-बारा सेकंद. वाळवायला बारीक जाळी. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या सोंगटीचा तळ फिका राहतो आणि शाईचे डाग पडतात. वर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात, मग ४०० ने पुसणं. लाख स्पिरिटमध्ये असते, म्हणून खालचा रंग स्पिरिटचा नको, तो ब्रशाबरोबर ओढला जातो. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, त्यामुळे हा हात कोरड्या दिवशी, दुपारी द्यावा. मेण हाताला छान लागतं, पण मेण लावलेली पाचाची रास पट हलला की घसरते.

नाझगुलांचा काळा वेगळ्या पद्धतीने केला. १०० मिली गरम पाण्यात दोन चमचे हिरड्याची पूड, गाळून त्यात दांडीचे तुकडे तासभर. दुसऱ्या बरणीत साबणाने धुतलेली स्टीलवूल पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर. झाकण सैल ठेवायचं, कारण वायू सुटतो. वाळलेले तुकडे या दुसऱ्या पाण्यात घातले की बघता बघता काळे होतात. बीचमध्ये स्वतःचं टॅनिन (हा काळा रंग आणणारं तुरट द्रव्य) कमी असतं. हिरडा वगळला तर नुसता राखाडी रंग येतो.

सध्या पाचही मित्रदेश, आयझेनगार्ड आणि नाझगुल रंगून झाले. सदरनचा नारिंगी पूर्ण ताकदीत लालाच्या फार जवळ जातोय, म्हणून तो निम्म्या पाण्याने पातळ करून टाकाऊ तुकड्यांवर बघणं चालू आहे. सौरॉनच्या ४२ सोंगट्या सगळ्यात शेवटी. लाल रंग सगळ्यात जास्त सुटतो, आणि त्या जाळीवर नंतर पिवळं काही ठेवता येणार नाही. डब्यात मेलेल्यांसाठी दोन वाट्या लागतील. शत्रूची मेलेली युनिट पुन्हा भरतीला येतात, मित्रदेशांची कायमची जातात, तेव्हा त्यांची वाटी झाकणाची असावी.